बैहरचा अर्धा घाट

भूगोलाच्या तासाला मी भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवतो आणि म्हणतो, "बालाघाट. मँगनीज." मुलं वहीत लिहून घेतात आणि छडी पुढच्या जिल्ह्यात जाते. नोकरीची सगळी वर्षं मी हेच करत आलो. त्या मँगनीजच्या वर माणसं राहतात, ती सकाळ-दुपार-संध्याकाळ भातच जेवतात, आणि त्यातली काही उतारावर जे करतात ते पाहून साताऱ्याच्या माणसाच्या तोंडचं पाणी पळतं, हे मला या हिवाळ्यात जाऊन पाहावं लागलं. तुम्ही कुणी तिकडे जाल असं वाटत नाही. म्हणून सांगतो.

जाण्याचं कारण घरचंच. माझी भाची सुमन गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीला ती घरी आली आणि भाऊबीजेच्या ताटासमोर म्हणाली, "आई, मला बालाघाटचा एक मुलगा पसंत आहे. त्याचा स्वतःचा ट्रक आहे आणि तो स्वतःच चालवतो." ताईनं हातातलं निरांजन ताटात परत ठेवलं. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा घरातला पुरुष म्हणजे मीच. "तू जाऊन बघून ये," ताई मला म्हणाली. "तू हो म्हणालास तर हो. नाही म्हणालास तर ही पोरगी माझ्या मांडवात त्याच्या गळ्यात माळ घालणार नाही." मुलाचं नाव मधुकर. एवढ्या माहितीवर मी नाताळच्या सुट्टीत निघालो.

गोंदिया ते बालाघाट

गोंदियाच्या फलाटावर सुमन भेटायला आली होती. डब्यात चिवडा दिला, मफलर गळ्याभोवती नीट गुंडाळला आणि म्हणाली, "मामा, त्याच्या घरी पाटावर बसून मुलगा कळायचा नाही. त्याच्या गाडीत बसा. आणि बैहरला गेलात तर येतानाही त्याच्याच गाडीनं या." मी म्हटलं, जाताना बसलो म्हणजे येतानाही बसणारच की. ती नुसती हसली.

पुढची गाडी नॅरो गेजची. आमच्याकडे जत्रेत मुलांना बसवतात तेवढीच, फक्त हिच्यात धानाची पोती, कोंबड्या आणि तीन पिढ्यांची कुटुंबं बसलेली असतात. डब्यात एक म्हातारी मराठीत बोलायला लागायची, नात तिला हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं. मी नातीला विचारलं, "बाळ, तुला मराठी येत नाही?" ती म्हणाली, "समझती है, पर निकलती नहीं." मी मास्तर माणूस, माझ्या काळजात कळ आली.

मधुकर स्टेशनवर होता. अंगानं आडवा, बोलायला हळू. पाया पडला. त्याच्या घरी अंगणात बाजेवर त्याचे वडील बसले होते. तेही जन्मभर ट्रकवर होते, आता गुडघे गेलेले. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वर पुन्हा भात. भाकरी मागायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण पाहुण्यानं मागू नये म्हणून गिळलं.

यंदा अरबांनी तेलाची तोटी आवळल्यापासून तिकडे पंपावर डिझेल ठरावीकच मिळतं. त्यामुळे गावात सोयरीक, शेती, राजकारण सगळं मागे पडून एकच विषय उरला आहे: कुणाची गाडी एका टाकीत कुठवर गेली. त्यात मधुकरचा पहिला नंबर. म्हातारा मला म्हणाला, "पोरगा माह्या हाताखाली शिकला जी, मामाजी. याची गाडी कधी रस्त्यावर सुकी नाई पडली. कधीच नाई. जाऊन इचारा फाटकावर."

हे फाटक म्हणजे गावाबाहेरचं रेल्वेचं फाटक. तिथल्या चहाच्या टपरीवर सगळे ड्रायव्हर जमतात. तिथे ज्याची गाडी डिझेल संपून सुकी पडते, त्याचं नाव वर्षभर निघतं. आमच्याकडे कुस्तीत चीत झालेल्याचं निघतं तसं.

लांजीचा रस्ता

क्लीनर धानाच्या मळणीला गावी गेला होता, म्हणून मीच क्लीनर झालो. मधुकरनं मला चढवून बसवलं. लांजीहून धान आणायचं होतं.

निघालो, आणि मला पहिला धक्का बसला. हा मनुष्य गाडी चालवतच नव्हता! काटा चाळीसच्या वर जाईना. सरळ, सपाट, मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, आणि आम्ही आपले वरातीत निघाल्यासारखे. एक बस पुढे गेली. मग एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मग एक मोटारसायकल गेली, तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये बकरी. बकरीनं माझ्याकडे मान वळवून पाहिलं. मी म्हटलं, "मधुकरराव, गाडीला काही झालंय का?"

"काई नाई जी. काहून?"

"सगळे पुढे चाललेत."

"जाऊ द्या ना त्याईले. पुढच्या फाट्यावर भेटतीन."

आणि खरंच भेटले. तो हॉर्नवाला ट्रक पुढच्या गावात बैलगाड्यांमागे थांबून धूर ओकत होता. आम्ही तिथे पोचेपर्यंत गाड्या बाजूला झाल्या होत्या, आणि आम्ही न थांबता त्याच चालीनं पुढे निघालो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मधुकरनं ब्रेकवर पाय असा ठेवलाच नव्हता. लांब म्हैस दिसली की तो पाय उचलायचा. आम्ही जवळ जाईपर्यंत म्हैस आपली निघून गेलेली असायची.

"ब्रेक मारला म्हंजे डिझेल मातीत गेलं समजा, मामाजी," तो म्हणाला. "आधी डिझेल जाळून गाडी पळवाची, मंग पाय देऊन थांबवाची. हे कोनतं शहाणपन? आन साठवर चालवली तं समोरचा वाराच अर्धं तेल पिऊन टाकते."

निघण्याआधी त्यानं प्रत्येक टायर हातोडीनं ठोकून आवाज ऐकला होता. हवा कमी असली की गाडी जड ओढते. ताडपत्री अशी ताणून बांधली होती की तिचं एक टोकही फडफडू नये, कारण फडफडणारी ताडपत्री वाऱ्याला धरते. पोती जास्त घ्यायला तो तयार होईना, लांजीचा व्यापारी चिडला तरीही. मी साताऱ्याचे ड्रायव्हर आठवले, जे भोंगा वाजवला की रस्ता रुंद होतो असं मानतात, आणि खरं सांगतो, या मुलाबद्दल मला माया वाटायला लागली.

येताना हट्टा नावाच्या गावी थांबलो. तिथे एक बावडी आहे, जमिनीखाली मजल्यावर मजले बांधलेली. खांब, कमानी, खोल्या, आणि तळाशी काळं पाणी. वर दुपार तापलेली असताना खाली अंगावर शाल घ्यावी असा गारवा. मधुकर म्हणाला, "सुमनले हे दाखवाचं आहे मले." मी नकाशावर छडी टेकवतो तेव्हा ही बावडी छडीच्या टोकाखाली झाकली जाते, हे मला तिथे पायरीवर बसून कळलं. त्या संध्याकाळी माझा होकार जवळजवळ ठरला होता.

बैहर

बैहर वर डोंगरात आहे. तिथल्या दुकानांचं मीठ आणि साबण घेऊन चढलो. चढाला सागाची आणि मग सालाची झाडं, एवढी उंच आणि एवढी दाट की आमच्या यवतेश्वरच्या डोंगरातली झाडी मला परसबाग वाटायला लागली. मधुकर चढ लागायच्या आधीच गिअर बदलायचा, इंजिनाला धाप लागू द्यायचा नाही. टाकीत एक लाकडी पट्टी बुडवून त्यानं वर पोचल्यावर डिझेल मापलं आणि समाधानानं मान हलवली. "घरी जाऊन उरन," म्हणाला.

मी विचारलं, "इतका चढ चढूनही?"

"येतानी घाट फुकट आहे ना जी."

मला वाटलं, उतार आहे, कमी लागत असेल. मी पुढे काही विचारलं नाही.

बैहरच्या बाजारात गरम आलूबोंडे खाल्ले. सरकारी कचेऱ्या, जीपा, आणि गोंड बायका मोहाची वाळलेली फुलं विकायला बसलेल्या. मी मनुका समजून दोन तोंडात टाकली. बाई इतकी हसली की शेजारणीलाही तिनं बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सालाची लाकडं भरून आम्ही खाली निघालो.

घाटात

पहिलं वळण घेतलं आणि मधुकरनं गिअर सोडला. मग स्टिअरिंगखालची एक गुंडी ओढली. इंजिन दोनदा हिसकलं आणि बंद पडलं.

एकदम शांत. मला पाखरं ऐकू आली. वारा खिडकीशी शीळ घालत होता. डोक्यामागे लाकडं कुरकुरत होती. मला वाटलं, बिघडलं. "काय झालं? थांबा, थांबा! बंद पडलं!"

"पडलं नाई जी, मी केलं," मधुकर म्हणाला. "उतार आहे. आपली आपण जाते."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. भूगोल शिकवतो, पण गुरुत्वाकर्षण काय असतं एवढं मलाही समजतं. मागे जंगलच्या जंगल तोडून भरलेलं, पुढे दरी, आणि हा मनुष्य बाजेवर बसल्यासारखा बसलेला.

"सगळेच करतात हे?"

"हौ. बाबाईनं शिकवलं. बाबा तं पुरा घाट असाच उतरत होते, बिडी पेटवून."

वळणामागून वळण येत होतं. ज्या पायानं लांजीच्या अख्ख्या रस्त्यावर ब्रेकला शिवलं नव्हतं, तो पाय आता सारखा ब्रेकवर होता. जळक्या रबरासारखा वास आला. समोर हवेच्या दाबाचं घड्याळ होतं, त्याचा काटा प्रत्येक वेळी थोडा खाली यायचा. या गाडीचा ब्रेक हवेच्या जोरावर चालतो आणि ती हवा इंजिनच भरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मधुकरला माहीत होतं. एरवी त्याला पुरत असे. आज लाकूड ओलं होतं, म्हणजे ओझं जास्त होतं, आणि ते त्याच्या हिशेबात आलं नव्हतं. त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्यानं गिअर घालायचा प्रयत्न केला. नुसता खरखराट झाला, गिअर पडेना.

आणि पुढच्या वळणावर बाया होत्या. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून, गप्पा मारत चाललेल्या. त्यांना आमची काही चाहूलच नव्हती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मधुकरनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला ओढलं. चाकं नाल्यात उतरली, मुरूम उडाला, माझं कपाळ समोरच्या काचेच्या चौकटीवर आपटलं, आणि गाडी डोंगराच्या मातीत नाक खुपसून, एका बाजूला कलून थांबली.

"अरे गाढवा!" हे मात्र मला आठवतं. "गाढवा, माणसं मारणार होतास!"

 तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी उतरलो. बाया मोळ्या खाली टाकून उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे आली. तिनं ट्रककडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, आणि मधुकरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. रागावली नव्हती, तेच मला सहन होईना.

"आवाज काहे नहीं है तेरी गाड़ी में?" तिनं विचारलं. "आवाज रहती तो हम हट जाते ना बाबू. हमेशा हटते हैं."

मधुकर खाली उतरला. तिच्या पाया पडायला वाकला तर ती मागे सरकली. मोळी उचलून बाया निघून गेल्या.

चाकाखाली लावायला दगड आणावेत म्हणून मी रस्त्यानं थोडा वर गेलो. वाकून एक दगड उचलला, आणि माझ्या पाठीमागून, कसलाही आवाज न करता, एक भरलेला ट्रक गेला. त्याचा वारा लागून माझी टोपी नाल्यात पडली. वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्याचं इंजिन बंदच होतं. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मला रामराम केला. मी दगड छातीशी धरून उभा राहिलो.  एक हात अलीकडे असतो, तर सुमनला तिच्याच दवाखान्यात मामा ओळखावा लागला असता.

खाली आलो तेव्हा मधुकर नाल्याच्या काठावर बसला होता. "मामाजी," तो म्हणाला, "घरी सांगून द्या. नाई म्हना. सुमनले मी सांगीन."  खोटं कशाला सांगू, त्या घडीला माझ्याही मनात नाहीच होतं.

गाडी काढायला बराच वेळ गेला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी दगड सारायचो, तो इंजिन रडवायचा, काळा धूर जंगलभर पसरायचा. जे डिझेल तो थेंबथेंब राखायचा ते असं उधळलं जात होतं, आणि तो पट्टी बुडवून बघतसुद्धा नव्हता. गाडी रस्त्यावर आली. इंजिन चालू ठेवून तो हवेचा काटा वर येईपर्यंत थांबला, ब्रेक निवेपर्यंत थांबला. मग त्यानं खालचा गिअर टाकला.

उरलेला घाट आम्ही उतरलो तो बैलाच्या चालीनं, इंजिनाचा घों घों आवाज करत आणि प्रत्येक वळणावर हॉर्न देत. वाटेत त्या बाया लागल्या. आवाज ऐकून त्या कधीच कडेला झाल्या होत्या. म्हातारीनं मोळीवरचा एक हात थोडा वर केला. त्यानंतर जिथे जिथे लहानसा उतार आला, तिथे तिथे मधुकरचा हात त्या गुंडीकडे जाताना मी पाहिला. अर्ध्यातून तो मागे घ्यायचा.

"पुरेल का?" मी विचारलं.

"नाई पुरत," तो म्हणाला. आणि तसाच चालवत राहिला.

फाटकावर

नाही पुरलं. आणि संपलं ते नेमकं कुठे, तर रेल्वे फाटकासमोर, चहाच्या टपरीच्या तोंडाशी. इंजिन खोकलं, हिसकलं आणि गप्प झालं. टपरीवरचे सगळे ड्रायव्हर ग्लास घेऊन उठून उभे राहिले.

"अरे देखो रे, मधुकर सूख गया!"

"क्यों भाई, तेरी गाड़ी तो हवा पे चलती थी ना?"

हशा असा झाला की फाटकवालाही खोलीबाहेर आला. घाटात मला हात केलेला ड्रायव्हरही तिथेच होता, सगळ्यांत मोठ्यानं हसत. मधुकर खाली उतरला. खाली मान न घालता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आज पुरा घाट इंजिन बंद नाई केलं म्या. पयला अर्धा घाट केलतं, तं बाया मरत होत्या. आता नाई करीन." पुन्हा हशा झाला, पण जरा कमी.

टपरीच्या बाकावर गॅरेजवाले बशीरभाई बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला. "घाट में बंद करके तुम लोग बचाते क्या हो?" ते म्हणाले. "गियर में रखो, पाँव उठा लो. पहिया खुद इंजन को घुमाता है, इंजन का पंप तेल देता ही नहीं. इसका तेल घाट में नहीं गया, गाड़ी निकालने में गया होगा."

"मतलब?" हात केलेल्या ड्रायव्हरनं विचारलं.

"मतलब, चम्मच भर बचाते हो. बस."

हसणं थांबलं. मला घाटातल्यापेक्षा मोठा धक्का तिथे बसला. चमचाभर! बापानं लेकाला शिकवलं, सगळ्या घाटानं वर्षानुवर्षं पाळलं, बायांच्या पाठीवर मुके ट्रक सोडले, ते चमचाभर तेलासाठी. "आजवर कोणी विचारलं नाही तुम्हाला?" मी बशीरभाईंना विचारलं. ते म्हणाले, "सब को मालूम था, पूछता कौन?"

मधुकरनं सीटमागचा डबा काढला. पंपावर रांग होती, आणि डबा हातात घेऊन गावातून जाणं म्हणजे काय, ते त्या टपरीवरच्या प्रत्येकाला कळत होतं. मी त्याच्या हातातून डबा घेतला. "तू गाडीजवळ थांब," मी म्हटलं. अहो-जाहो घाटात राहिलं होतं, ते मी परत आणायला गेलो नाही. कपाळावर टेंगूळ, डोक्यावर टोपी नाही, हातात डिझेलचा डबा, असा साताऱ्याचा भूगोल मास्तर बालाघाटच्या बाजारपेठेतून पंपापर्यंत चालत गेला. मी नाही म्हणणार नाही, हे मला त्या वाटेवर कळलं.

पुन्हा गोंदिया

फलाटावर सुमन होती. माझं टेंगूळ तिनं आधी बोटांनी दाबून पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ताईला तार करतो," मी म्हटलं. "होकाराची."

"थांबा मामा." तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "घाटात इंजिन बंद केलं होतं त्यानं?"

मी थक्क झालो. "तुला कसं माहीत?"

"त्या घाटातून जखमी येतात ना आमच्याकडे. ड्रायव्हर येतात, कधी रस्त्यावरची माणसं येतात. शुद्धीवर असले तर ड्रायव्हर म्हणतात इंजिन बंद होतं, आणि रस्त्यावरची माणसं म्हणतात आवाजच आला नाही." तिनं माझा दंड घट्ट धरला. "सांगा. बंद केलं होतं?"

"अर्धा घाट बंद," मी म्हटलं. "अर्धा चालू."

मग मी तिला सगळं सांगितलं. बाया, म्हातारी, गुंडीकडे जाणारा आणि मागे येणारा हात, फाटकावरचा हशा. गाडीची शिटी झाली तरी ती ऐकत होती. शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले, माझी पिशवी डब्यात चढवली आणि खिडकीच्या गजाला धरून गाडीबरोबर चार पावलं चालली.

"करा तार," ती म्हणाली. "उरलेला अर्धा मी बघते."